चौसोपी वाड्यांचे नूतनीकरण

चौसोपी वाड्यांचे नूतनीकरण म्हणजे मधोमध उघडा चौक आणि त्याच्या चारी बाजूंना सोपे असलेल्या जुन्या निवासी वास्तूंची दुरुस्ती, जतन आणि आजच्या गरजांना अनुरूप अशी फेररचना. महाराष्ट्रात अशा वास्तूंना वाडा म्हणतात. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत पुणे, सातारा, वाई, नाशिक, कोल्हापूर, सांगली-मिरज इत्यादी नगरांत सरदार, जहागीरदार, सावकार आणि वतनदार घराण्यांनी असे वाडे बांधले. एकविसाव्या शतकात त्यांपैकी पुष्कळ पाडले गेले. उरलेल्यांपैकी काही वाड्यांत मूळ सांगाडा राखून साधी अंतर्गत सजावट आणि आधुनिक प्रकाशयोजना करण्याकडे कल दिसतो.

या कामात तीन वेगळ्या गोष्टींचा मेळ घालावा लागतो. लाकूड, माती, चुना व दगड यांच्या जुन्या बांधकामाचे स्वरूप समजून घेणे ही पहिली. राहणाऱ्यांना स्वच्छतागृह, वीज, पाणी आणि सुरक्षितता पुरवणे ही दुसरी. सामायिक मालकी, भाडेकरू आणि बांधकाम परवानगी यांचे प्रश्न सोडवणे ही तिसरी. आणि व्यवहारात बहुतेक वाडे याच तिसऱ्या टप्प्यावर अडतात.

संज्ञा

‘वाडा’ हा शब्द संस्कृत ‘वाट’ अथवा ‘वाटक’ म्हणजे कुंपण घातलेली जागा या शब्दापासून आला आहे. ‘गुरांचा वाडा’, ‘कुंभारवाडा’ या प्रयोगांत हा मूळ अर्थ अजून टिकून आहे. ‘चौक’ हा शब्द ‘चतुष्क’ यापासून आला. ‘सोपा’ म्हणजे एक बाजू चौकाकडे उघडी असलेली, खांबांवर पेललेली जागा. कोल्हापूर परिसरात हा शब्द केवळ वाड्यापुरता मर्यादित नाही. साध्या शेतकरी घराच्या दर्शनी बैठकीच्या जागेलाही ‘सोपा’च म्हणतात. चौकाच्या चारी बाजूंना सोपे असतील, तर तो चौसोपी वाडा. चौकांच्या संख्येवरून एकचौकी, दोनचौकी असेही प्रकार सांगितले जातात.

पारंपरिक रचना

वाड्याची रस्त्याकडील बाजू सहसा बंदिस्त असते. दर्शनी भिंतीत मोठा दरवाजा आणि त्यातच माणसाला वाकून आत जाता येईल असा लहान दिंडी दरवाजा असतो. आत शिरताच दोन्ही बाजूंना देवड्या लागतात. त्यापुढे चौक, आणि चौकात तुळशीवृंदावन किंवा हौद. पहिल्या चौकाभोवती बैठक, कचेरी आणि पाहुण्यांची जागा असते. दुसऱ्या चौकाभोवती माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठीची खोली आणि बाळंतिणीची खोली. मागे परसू आणि आड. माडीवर दिवाणखाना असतो. बाहेरच्या माणसाला कोठवर प्रवेश आहे, हे वास्तूच्या या क्रमातूनच ठरत असे.

बांधकामाचा मूळ घटक ‘खण’ हा आहे. दोन खांबांमधील अंतराने ठरणारा हा एकक असून खोलीचा आकार ‘दोन खणी’, ‘पाच खणी’ असा सांगितला जातो. जमिनीवर घडीव दगडाचे जोते, त्यावर दगडी तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर हस्त व तुळया, आणि तुळयांवर कडीपाट अशी ही रचना आहे. खांब थेट मातीत न रोवता तळखड्यावर उभा केल्याने लाकडाला जमिनीची ओल लागत नाही. मजल्यांचा व छपराचा भार मुख्यतः या लाकडी सांगाड्यावर असतो. खालच्या भागात दगडाच्या व वर विटामातीच्या असलेल्या जाड भिंती ओळंब्याला आधार देतात, उष्णता अडवतात आणि त्यांच्या जाडीत कोनाडे, फडताळे व दिवळ्या सामावून घेतात.

चौक हा वाड्याचा उजेड आणि हवा यांचा स्रोत होय. दुपारी तापलेली हवा चौकातून वर निघून जाते आणि तिच्या जागी सोप्यांतून व दरवाजांतून तुलनेने थंड हवा येते. चौकाच्या फरशीवर पडलेला सूर्यप्रकाश परावर्तित होऊन सोप्यांच्या आतील भागापर्यंत मंदपणे पोहोचतो. पावसाळ्यात चारी उतारांचे पाणी चौकात उतरते आणि झाकलेल्या नाल्यातून बाहेर जाते. हा नाला बुजला की ओल प्रथम जोत्यात आणि मग भिंतींत चढते. अनेक वाड्यांच्या पडझडीचे मूळ येथे सापडते.

कोल्हापुरातील वाडे

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात करवीर राज्याची राजधानी पन्हाळ्याहून कोल्हापुरास आली. त्यानंतर अंबाबाईचे मंदिर आणि भवानी मंडपाचा जुना राजवाडा यांच्याभोवती सरदार-मानकऱ्यांची, पुजाऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची वस्ती दाट होत गेली. शहराच्या जुन्या पेठांतील वाडे या काळापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंतचे आहेत. सह्याद्रीच्या जवळिकीमुळे येथे काळ्या बसाल्टबरोबर जांभा दगडही वापरात होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराच्या वास्तुशैलीत बदल झाला. मेजर चार्ल्स मांट यांच्या आराखड्यानुसार नवा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात काळ्या दगडात बांधला गेला. युरोपीय व भारतीय शैलींचा मेळ घालणाऱ्या या सार्वजनिक व राजकीय इमारतींचा प्रभाव खासगी वाड्यांवरही पडला: सागवानी खांबांच्या जोडीला बिडाचे खांब आणि कठडे, महिरपींत रंगीत काचा, आणि छपरावर मंगलोरी कौले. बासेल मिशनने मंगळूर येथे १८६५ मध्ये कौलांचा कारखाना सुरू केल्यानंतर ही कौले पश्चिम भारतात सर्वत्र पसरली आणि हाताने थापलेल्या नळीच्या कौलांची जागा त्यांनी घेतली. त्यामुळे एकाच वाड्यात दोन-तीन काळांतील बांधकाम आढळणे स्वाभाविक आहे. नूतनीकरण करताना ‘मूळ’ कोणते, हा प्रश्न यातूनच उभा राहतो.

कसबा बावडा येथील लक्ष्मी-विलास पॅलेस ही राजर्षी शाहू महाराजांच्या जन्माची (२६ जून १८७४) वास्तू संरक्षित स्मारक असून तेथे जतनाचे आणि संग्रहालयाच्या उभारणीचे काम हाती घेण्यात आले. जिल्ह्यातील इचलकरंजी येथील घोरपडे जहागीरदारांच्या राजवाड्यात १९८२ मध्ये स्थापन झालेली वस्त्रोद्योग अभियांत्रिकी संस्था चालते. निवासी राजवास्तूचा शैक्षणिक पुनर्वापर म्हणून हे उदाहरण महत्त्वाचे आहे. खासगी वाड्यांना मात्र असे संस्थात्मक पाठबळ क्वचितच मिळते.

ऱ्हासाची कारणे

वाडा ही केवळ वास्तू नव्हती. ती एका उत्पन्नव्यवस्थेवर उभी होती. दरवर्षीचे कौले चाळणे, जमिनी सारवणे, चुन्याचा हात देणे आणि लाकडाला तेल लावणे ही कामे जमिनीच्या व इनामाच्या उत्पन्नातून आणि घरच्या मनुष्यबळातून होत. संस्थानाचे १ मार्च १९४९ रोजी झालेले विलीनीकरण, इनामांचे उच्चाटन आणि १९४८ च्या कूळकायद्यानंतर जमिनीच्या मालकीत झालेले न्याय्य बदल यांमुळे हे उत्पन्न थांबले. कसणाऱ्याला जमीन मिळाली. परंतु त्या उत्पन्नावर उभ्या असलेल्या इमारतीच्या देखभालीची पर्यायी व्यवस्था निर्माण झाली नाही. १९४८ साली महात्मा गांधींच्या हत्येनंतर झालेल्या जाळपोळीत दक्षिण महाराष्ट्रातील अनेक घरे व वाडे जळाले आणि कित्येक कुटुंबे गाव सोडून गेली.

उत्पन्न आटल्यावर बहुतेक मालकांनी सोपे व खोल्या भाड्याने दिल्या. भाडे नियंत्रण कायद्यांनी भाडेकरूला निवाऱ्याचे संरक्षण दिले, पण भाडे दीर्घकाळ गोठलेले राहिले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ (अंमल ३१ मार्च २००० पासून) याने दरवर्षी ४ टक्के वाढीची मुभा दिली. मूळ भाडेच काही रुपयांचे असेल, तर या वाढीतून छपराची दुरुस्तीही होत नाही. परिणामी मालकाला दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरूला ती करण्याचा अधिकार किंवा उत्साह नसतो, आणि पावसाळ्यागणिक वास्तू खचत जाते.

वारसांची संख्या हे आणखी एक कारण आहे. तीन-चार पिढ्यांनंतर एका मिळकतपत्रिकेवर अनेक सहहिस्सेदारांची नावे असतात आणि त्यांतील पुष्कळजण परगावी किंवा परदेशी राहतात. हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील २००५ च्या सुधारणेने मुलींना सहदायादाचा हक्क मिळाला. हा हक्क रास्तच आहे. परंतु पूर्वी बहिणींची संमती गृहीत धरून होणारे व्यवहार आता प्रत्यक्ष संमतीनेच करावे लागतात. एकमत न झाल्यास पाडून सदनिका वाटून घेणे हाच सर्वांना पटणारा पर्याय ठरतो, कारण मजले वाटता येतात, चौक वाटता येत नाही.

नैसर्गिक कारणांत पूर आणि भूकंप प्रमुख आहेत. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट धरली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांपलीकडे गेले आणि २०२१ च्या जुलैतही मोठा पूर आला. मातीच्या सांध्यांची भिंत अनेक दिवस पाण्यात राहिली, की पाणी ओसरताना ती आतून पोकळ होते. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचे धक्के या भागालाही बसले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. तेथे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि मातीची जड धाबी कोसळली होती. त्यानंतर जुन्या दगडी घरांविषयी सर्वत्र भीती पसरली. वस्तुतः भिंतीत आरपार जाणारे बांधदगड आणि एकसंध लाकडी सांगाडा असेल, तर अशा इमारतीचा टिकाव वाढतो. त्यामुळे दुरुस्तीत या दोन बाबी तपासणे आवश्यक मानले जाते.

जतनाची तत्त्वे

ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाबाबत १९६४ ची व्हेनिस सनद आंतरराष्ट्रीय आधार मानली जाते. नवे काम जुन्यापासून ओळखू यावे आणि अंदाजाने पुनर्निर्मिती करू नये, हे तिचे सूत्र आहे. भारतात १९८४ मध्ये स्थापन झालेल्या इन्टॅक या संस्थेने २००४ मध्ये स्वतंत्र सनद स्वीकारली. जेथे सुतार, गवंडी व पाथरवट यांची परंपरा जिवंत आहे, तेथे त्यांच्या हातून जुन्या पद्धतीने नवे घडवणे हेही जतनच होय, अशी तिची भूमिका आहे. राहत्या वाड्यांना ही दुसरी भूमिका अधिक लागू पडते. सर्वसाधारणपणे पुढील नियम पाळले जातात:

• शक्य तितके कमी बदलावे. पूर्ण खांब बदलण्याऐवजी कुजलेला भाग कापून नवा तुकडा सांधावा.
• नवे साहित्य जुन्याशी जुळणारे असावे. ते जुन्यापेक्षा जास्त कठीण किंवा जलरोधक नसावे.
• नवी भर पुढे काढून टाकता येईल अशी असावी.
• कामापूर्वी मोजमापे, आराखडे आणि छायाचित्रे यांची नोंद करावी.

कामाची प्रक्रिया

पाहणी आणि ओल

कामाची सुरुवात पाण्यापासून होते. फुटकी कौले, गंजलेल्या पन्हळी, बुजलेले नाले आणि गळके नळ प्रथम दुरुस्त केले जातात, आणि भिंती एक पावसाळा व एक उन्हाळा सुकू देतात. अनेक वाड्यांना विसाव्या शतकात सिमेंटचा गिलावा केलेला आढळतो. मातीची भिंत जमिनीतील ओल ओढून घेते आणि पृष्ठभागातून बाहेर टाकते. सिमेंटच्या कवचामुळे ती आतच कोंडते, वर चढते आणि भिंतीत शिरलेल्या तुळईच्या टोकापर्यंत जाते. म्हणून सिमेंटचा थर हलक्या हाताने काढणे, हे बहुधा पहिले मोठे काम असते.

चुना

भाजलेला चुना पाण्यात विरवून टाकीत मुरवला जातो व वाळू आणि विटांच्या सुरखीबरोबर घाणीत मळला जातो. गूळ, बेलफळाचा गर, मेथी, उडीद अशी द्रव्ये त्यात मिसळण्याची परंपरा आहे. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश घट्ट होतो. त्यामुळे पातळ थर, थरांमधील अंतर आणि नियमित पाणी मारणे यांना महत्त्व असते. सिमेंटच्या कामाची सवय असलेल्या कारागिरांना ही गती मंद वाटते. घाईने केलेला चुन्याचा गिलावा वर्षभरातच सुटतो.

लाकूडकाम

खांबाच्या तळाशी, तुळईच्या भिंतीतील टोकाशी आणि वाशांच्या पागोळीकडील टोकाशी लाकूड बहुधा आधी कुजते. टोचा मारून व ठोकून त्याची पोकळी तपासतात. टेकू आणि जॅक यांवर भार घेऊन कुजका भाग कापतात व त्याच जातीच्या, पूर्ण वाळलेल्या लाकडाचा तुकडा खाच पाडून जोडतात. यासाठी पाडलेल्या वाड्यांतील जुने सागवान उपयोगी पडते. वाळवीसाठी आधी ओलीचा मार्ग बंद करावा लागतो. केवळ औषध फवारून ती जात नाही. खांबांवर चढलेले तैलरंगाचे थर जाळून काढणे धोक्याचे असते. जुन्या रंगांत शिशाचे प्रमाण जास्त असू शकते (भारतात घरगुती रंगांतील शिशावर ९० भाग प्रति दशलक्ष ही मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली) आणि नक्षीही करपते.

छप्पर आणि पावसाचे पाणी

कौले उतरवून, धुऊन, फुटकी वेगळी काढून पुन्हा बसवली जातात. कौलांखाली फळ्यांचा थर आणि उष्णतारोधक अस्तर घातल्यास माडी राहण्याजोगी होते. कोल्हापूर शहरात वर्षाला सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटर छपरावर या हिशेबाने सुमारे १ लाख लिटर पाणी येते. वाया जाणारे वगळले तरी ८० हजार लिटर पाणी गाळून टाकीत किंवा परसातील जुन्या आडात सोडता येते.

स्वच्छतागृहे

जुन्या वाड्यांत शौचालय परसात, मुख्य इमारतीपासून दूर असे. आता ते प्रत्येक शयनगृहाला जोडून हवे असते, आणि ओलीचा सर्वांत मोठा नवा स्रोत तेच ठरते. लाकडी मजल्यावर न्हाणीघर न बांधता ते तळमजल्यावर किंवा मागील बाजूस स्वतंत्र पायावर बांधणे, आणि नळ भिंतीत न गाडता उघडे ठेवणे अधिक सुरक्षित असते.

अंतर्गत सजावट

साध्या, मोकळ्या मांडणीची मिनिमलिझम ही शैली विसाव्या शतकात युरोप, अमेरिका आणि जपान येथील वास्तुविचारांतून विकसित झाली. मराठीत तिला मितसजावट म्हणता येईल. जुन्या वाड्यात ती परकी ठरत नाही. पारंपरिक सोप्यात सामान फारच थोडे असे: जाजम, गादी, लोड-तक्के, एखादा झोपाळा आणि चौरंग. जेवताना पाट मांडले जात आणि नंतर उचलले जात. अंथरुणे सकाळी गुंडाळली जात. कपाटांचे काम कोनाडे व फडताळे, आणि टांगण्याचे काम भिंतीतील खुंट्या करीत. खुर्च्या, टेबले, पलंग आणि काचेची कपाटे यांची गर्दी मुख्यतः विसाव्या शतकातील आहे. त्यामुळे मितसजावट करणे म्हणजे पुष्कळदा नंतर भरलेले काढून टाकणे होय.

प्रत्यक्ष कामात पुढील उपाय दिसतात: सोप्यांत उभारलेले फळ्यांचे व विटांचे आडोसे काढून खांबांची रांग पुन्हा मोकळी करणे, भिंतींना चुन्याचा पांढरा किंवा मातकट रंग देणे, जमिनीवर चकचकीत टाइल्सऐवजी शहाबादी अथवा घडीव काळा दगड ठेवणे, बैठक खांबांच्या उंचीशी स्पर्धा करणार नाही इतकी बुटकी ठेवणे, आणि बुजवलेले कोनाडे उघडणे. वातानुकूलन यंत्र आणि वायरी लपवण्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिसचे खोटे छत करण्याची पद्धत येथे टाळली जाते. त्यामुळे कडीपाट झाकला जातो आणि गळती किंवा वाळवी वेळेवर दिसत नाही.

मितसजावटीच्या नावाखाली नुकसानही होते. देवघर, तुळशीवृंदावन, उखळ-जाते यांची ठरलेली जागा, दाराच्या चौकटीवरील गणेशपट्टी, भिंतीवरची चित्रे ही सारी ‘पसारा’ म्हणून काढल्यास राहते ते केवळ जुन्या लाकडाचे सुबक दालन. मेणवली येथील नाना फडणवीस यांच्या वाड्यातील भित्तिचित्रांसारखी चित्रे चुन्याच्या किंवा रंगाच्या थरांखाली असण्याची शक्यता ध्यानात घेऊन, भिंती खरवडण्यापूर्वी लहान चौकोनात थर तपासण्याची पद्धत आहे.

प्रकाशयोजना

वाडा मंद उजेडासाठी घडवलेला आहे. दिवसा चौकातून येणारा आडवा प्रकाश आणि रात्री समई, पणती, लामणदिवा, दिवळीतील दिवा व दिवाणखान्यातील हंड्या-झुंबरे हे त्याचे प्रकाशस्रोत होते. ते सर्व खालच्या किंवा मध्यम उंचीवर असत. त्यामुळे नक्षीवर खालून-बाजूने उजेड पडे आणि छत अर्धवट अंधारात राही. छताच्या मध्यभागी लावलेली पांढरी नळी हा क्रम उलटवते: सर्वत्र सारखा उजेड पडून कोरीव काम सपाट दिसते.

समकालीन प्रकाशयोजनेत एलईडी दिव्यांचा वापर होतो. त्यांची उष्णता कमी असल्याने लाकडाजवळ ते तुलनेने सुरक्षित असतात आणि लहान आकारामुळे तुळईच्या वरच्या कडेवर किंवा कोनाड्याच्या ओठामागे लपवता येतात. साधारणतः २७०० ते ३००० केल्विनचा उबदार प्रकाश आणि ९० किंवा त्याहून अधिक रंगदर्शन निर्देशांक असलेले दिवे सागवानाचा रंग खरा दाखवतात. ६००० केल्विनच्या आसपासचा निळसर उजेड त्याला राखाडी छटा देतो. घडीव दगडी भिंतीजवळून घसटत जाणारा प्रकाश टाकल्यास टाकीचे घाव उठून दिसतात. गिलाव्याच्या भिंतीवर मात्र तोच प्रकाश प्रत्येक उंचवटा उघड करतो. वाचन, स्वयंपाक आणि जिना येथे स्वतंत्र, पुरेसा उजेड ठेवावा लागतो. वृद्धांना मंद प्रकाशात उंच उंबरे व अरुंद दादरे धोकादायक ठरतात. जुने कापड, कागद किंवा जलरंगातील चित्रे मांडलेली असल्यास तेथे ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश न ठेवण्याचा संग्रहालयीन संकेत आहे.

चौकातील दिवे पाणीरोधक (आयपी ६५ किंवा त्यावरील) असावे लागतात. चौकावर काचेचे आच्छादन घालण्याची मागणी वारंवार होते. पाऊस आणि धूळ त्याने अडते, परंतु वर जाणारी हवाही अडते आणि उन्हाळ्यात चौक भट्टीसारखा तापतो. आच्छादन घालायचेच असल्यास ते छपरापेक्षा उंच घेऊन चारी बाजूंना मोकळी फट ठेवणे हा मध्यममार्ग आहे.

विजेची जोडणी हा सजावटीपेक्षा सुरक्षिततेचा विषय आहे. लाकडी इमारतींना आगीचा इतिहास मोठा आहे. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ मध्ये आणि बुधवारवाडा १८७९ मध्ये जळाला. कोल्हापुरात १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिलेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी आगीत भस्मसात झाले. दगडी भिंती राहिल्या, लाकडी अंतर्भाग गेला. म्हणून जुन्या वायरी पूर्णपणे बदलणे, त्या लाकडावर उघड्या न नेता धातूच्या नळीतून नेणे, प्रत्येक मंडलाला एमसीबी आणि संपूर्ण घराला गळती प्रवाहरोधक बसवणे, व्यवस्थित अर्थिंग करणे आणि धूरसूचक लावणे ही कामे दिव्यांच्या निवडीआधीची मानली जातात.

कायदेशीर बाजू

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास नियमांत वारसा वास्तूंची यादी आणि श्रेणी ठरवता येते. बृहन्मुंबईत १९९५ मध्ये अशी नियमावली लागू झाली. श्रेणी १ मध्ये बाह्य व अंतर्गत बदलांवर सर्वांत कडक निर्बंध असतात, श्रेणी ३ मध्ये ते शिथिल असतात. राज्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतही वारसा जतनाची तरतूद आहे. यादीतील वास्तूच्या मालकाला न वापरलेल्या बांधकामक्षमतेचा मोबदला हस्तांतरणीय विकास हक्काच्या रूपाने देणे, हा त्यामागील आर्थिक विचार आहे. यादीबाहेरच्या खासगी वाड्यांना मात्र संरक्षणही नाही आणि मोबदलाही नाही.

केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियमन, अशी तरतूद २०१० च्या दुरुस्तीने झाली. पन्हाळ्यासारख्या राहत्या किल्ल्यावर घराच्या दुरुस्तीलाही त्यामुळे परवानगी लागते. याउलट, महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खालील धोकादायक इमारतीची नोटीस हा वाड्यांच्या दृष्टीने निर्णायक दस्तऐवज ठरतो. पाहणीनंतर इमारत ‘सी-१’ वर्गात गेली तर ती रिकामी करून पाडावी लागते. ‘सी-२’ व ‘सी-३’ वर्गांत दुरुस्तीला वाव असतो. काँक्रीटच्या इमारतींसाठी रूढ असलेल्या तपासण्या लाकूड-मातीच्या बांधकामाला जशाच्या तशा लागू पडत नाहीत. त्यामुळे पाहणी कोण करतो, यावर वाड्याचे भवितव्य अवलंबून राहते.

अन्य उदाहरणे

पुण्यातील विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाच्या काळात १८०७ च्या सुमारास पूर्ण झाला. १८२१ मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे टपाल कार्यालय व महापालिकेची कार्यालये आली. त्याच्या सुरूच्या आकाराच्या कोरीव खांबांच्या दर्शनी भागाचे जतन पुणे महानगरपालिकेने केले. नाशिकचा सरकारवाडा संग्रहालयासाठी वापरात आणला गेला. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूड येथील मस्तानी महालाचे अवशेष आणून पुन्हा उभारले आहेत. वास्तू जागेवर वाचवता येत नाही तेव्हा तिचे भाग वाचवण्याचा तो मार्ग होय.

महाराष्ट्राबाहेर, इंदूरच्या होळकरांच्या राजवाड्याचा मागील भाग १९८४ च्या दंगलीत जळाला. पुढे तो पारंपरिक शैलीत पुन्हा बांधण्यात आला. महेश्वर येथील अहिल्यावाड्याच्या काही भागात होळकर वंशजांनी अतिथिगृह सुरू केले. गोव्यातील जुन्या हिंदू घरांतील मधल्या चौकाला राजांगण म्हणतात व तेथेही असेच प्रश्न आहेत. अहमदाबादच्या पोळांतील चौकाची लाकडी घरे, त्या शहराला २०१७ मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाल्यानंतर, अधिक चर्चेत आली. मोरोक्कोतील माराकेश येथे ‘रियाद’ ही चौकाची घरे मोठ्या प्रमाणावर पर्यटकांची निवासस्थाने झाली. घरे वाचली, परंतु मूळ रहिवासी पेठांबाहेर गेले, ही टीका तेथे होते.

मतभेद

वाड्यांच्या नूतनीकरणावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला आर्थिक: चुन्याचे आणि सागवानाचे काम महाग असल्याने ते हॉटेल, उपाहारगृह किंवा धनिकांची निवासस्थाने यांपुरतेच राहते. दुसरा सामाजिक: जुन्या वाड्याची रचना जातींच्या आणि स्त्री-पुरुषांच्या विभागणीवर आधारलेली होती. माजघर व परसदार हा स्त्रियांचा, देवडी हा सेवकांचा, आणि उंबऱ्याबाहेर थांबणे हा कित्येकांचा अनुभव होता. केवळ सौंदर्य म्हणून त्याकडे पाहिल्यास हा इतिहास झाकला जातो. तिसरा नागरी: दाट पेठांत अरुंद रस्ते, वाहनतळ आणि अग्निशमन यांच्या गरजा वाडे राखून भागत नाहीत. कोल्हापुरात अंबाबाई मंदिर परिसराच्या विकास आराखड्याच्या संदर्भात मंदिराभोवतीच्या मिळकतींच्या संपादनाचा प्रश्न यामुळेच वादाचा ठरला आहे.

याच्या उत्तरादाखल जतनाचे पुरस्कर्ते सांगतात, की पूर्ण वाडा वाचवणे हाच एकमेव पर्याय नाही. दर्शनी चौक व सोपे राखून मागील भागात नवे बांधकाम करणे, भाडेकरूंना दुरुस्त झालेल्या वास्तूतच हक्काची जागा देणे, सहहिस्सेदारांचा न्यास करणे, आणि तळमजला वाचनालय, संगीतवर्ग किंवा तालमीसारख्या वापराला देणे हे मधले मार्ग आहेत. घाणीवरचा चुना मळणारे, खाचेचा सांधा जमवणारे आणि कौले चाळणारे कारागीर कामाअभावी कमी होत आहेत. त्यांचे कौशल्य वास्तूंबरोबरच लोपण्याचा धोका या चर्चेत वारंवार मांडला जातो. सागवानी खांब विकत मिळतो. तो बसवणारा हात मात्र एका पिढीच्या खंडानंतर मिळत नाही.

हे सुद्धा पहा

• वाडा (वास्तुप्रकार)
• नवा राजवाडा, कोल्हापूर
• भवानी मंडप
• केशवराव भोसले नाट्यगृह
• विश्रामबागवाडा
• मेणवली
• महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९